दुर्बीणबाईच्या खांद्यामागून

दुर्बीणबाईला कधी घाई नसायची. एखाद्याच्या आतड्यातली लिंबाएवढी गाठ काढायला ती तीन-तीन तास एका स्टुलावर बसून राहायची. नजर पडद्यावर, उजव्या हातात दुर्बिणीची काळी नळी आणि तोंडानं पुटपुट चाललेली, "घाई कोणाले आहे? मले त नाई." तेवढ्या वेळात मी शेजारच्या थिएटरात एक पोट उघडून, आतडं कापून, जोडून, टाके घालून बाहेर यायचो आणि वर चहाही प्यायचो. तरी पेशंटचे नातेवाईक हात जोडून उभे असायचे ते तिच्या दाराशी. माझ्या दाराशीही उभे असायचे, पण घाबरून. हा फरक मी अकरा वर्षं रोज पाहिला. त्यानं माझं काय झालं ते सांगतो. आता या वयात लपवून काय करायचंय?

मी सर्जन. चंद्रपुरातल्या एका हॉस्पिटलात पोटं उघडण्यात माझी हयात गेली, आणि माझा हात चांगला आहे हे माझे शत्रूसुद्धा कबूल करतात. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी मांसाचा कोंब उगवतो, त्याला पॉलिप म्हणतात. बरेचसे निरुपद्रवी असतात. काही वाढत जातात, आणि वाढलेल्यांपैकी काहींचा पुढं कॅन्सर होतो. लहान कोंब दुर्बिणीतून तारेच्या फासानं खुडता येतो, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. मोठा असला, अस्तरावर पसरलेला असला, तर पोट उघडायचं आणि आतड्याचा तेवढा भाग कापून काढायचा, असा आमचा रिवाज. त्या रिवाजावर माझं नाव चाललं होतं. मग ही आली. भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेली, फिटरची मुलगी, माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. आल्या आल्या म्हणाली, मोठे पण दुर्बिणीतूनच काढून पाहू. मी मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकते.

ती दुर्बीण स्वतः धुवायची. डॉक्टरनं, हो. टेक्निशियन शेजारी ओशाळून उभा, आणि ही बाही वर करून नळीतून ब्रश फिरवतेय. मी एकदा टोकलं, "मॅडम, हे तुमचं काम नाही." तर म्हणाली, "माहे बाबा म्हणत, अवजार धुवाले दुसऱ्याले देलं का त्याचा बिघाड आपल्याले सर्वांत शेवटी समजते." आणि हे सगळं त्या बोलीत. मी नागपूरला मेडिकलला गेलो तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत 'मले' सोडून 'मला' शिकलो, हसं होऊ नये म्हणून जीभ घासून घेतली. ही डॉक्टर होऊन, मोठ्या शहरात शिकून, परत 'मले-तुले' करत आली आणि तिला कोणी हसत नव्हतं. उलट बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाया लगेच सैल व्हायच्या. दुर्बीणबाई हे नाव त्यांनीच पाडलेलं. मला कोणी कसलंही नाव पाडलं नाही. मी नुसता 'मोठे साहेब'.

काम करण्याची तिची एक ठरलेली रीत होती. कोंब दिसला की लगेच फास टाकायचा नाही. आधी दुर्बिणीतून लांब सुई घालून कोंबाच्या बुडाशी निळं पाणी सोडायचं. पाण्यानं अस्तर फुगतं, आणि कोंब खालच्या स्नायूपासून सुटून वर येतो. मग फास टाकून एक तुकडा, परत पाणी, परत तुकडा. काही कोंब मात्र कितीही पाणी सोडलं तरी उठत नाहीत. त्यांची मुळं खोल गेलेली असू शकतात, कॅन्सर सुरू झालेला असू शकतो. तिथं ती हात आवरायची. "उठलं त माझं, नाई उठलं त सरांचं," असं ती सगळ्यांदेखत म्हणायची. डॉक्टरी शहाणपण म्हणून यात काही चूक काढता येत नाही, मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला. पण माझ्या कानाला ते कसं लागायचं सांगू? मी तिचं उष्टं खात होतो. जे तिला नको ते माझ्या टेबलावर.

कोरपन्याकडचा एक कापूसवाला होता, पन्नाशीचा, चांगला तगडा. त्याच्या उजव्या बाजूच्या आतड्यात मोठा पसरट कोंब. माझ्या यादीत त्याचं नाव लागलेलं, तारीख ठरलेली, रक्ताची सोय झालेली. ही आली आणि म्हणाली, "सर, एक खेप मले पाहू द्या." नाही कसं म्हणणार? दोन तास चाळीस मिनिटं. मी बाहेर मुद्दाम घड्याळ लावून बसलो होतो. कोंब निघाला, रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. दुसऱ्या दिवशी मी राउंडला गेलो तर हा गडी खाटेवर मांडी घालून चहात टोस्ट बुडवतोय. माझ्याकडं नीट बघून त्यानं विचारलं, "साहेब, तुमी इथी काय करता?" त्याचा हेतू वाईट नव्हता. पण मी ती संध्याकाळ बायकोशी न बोलता काढली.

याच्या आधी मी ज्यांची पोटं उघडली होती, त्यातल्या काहींचे रिपोर्टही 'कॅन्सर नाही' असेच आले होते. कोणी चार महिने पोटाला पट्टा बांधून हिंडलं, कोणाचा टाका पिकला. त्या वेळी दुसरा उपाय आमच्याकडं नव्हता, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं. तरी तिच्याकडून एखादा पेशंट आपल्या पायांनी चालत बाहेर पडला की मला ते जुने चेहरे आठवायचे, आणि मला त्या चेहऱ्यांचा नाही, तिचा राग यायचा. माणूस असाच असतो. निदान मी तरी असाच आहे.

तिच्या कामात एक गोम होती, आणि माझी सगळी आशा त्या गोमेवर होती. तुकड्यातुकड्यानं काढलेल्या कोंबाच्या कडेला एखादा कण राहून जाऊ शकतो आणि परत वाढू शकतो. म्हणून पाच-सहा महिन्यांनी आत परत बघावं लागतं, नंतर वर्षानं परत. मी निर्धास्त होतो. आमच्याकडचा माणूस बरं वाटल्यावर हॉस्पिटलात परत येतो होय? माझे टाके काढायला लोक येत नसत, गावच्या कंपाउंडरकडून काढून घेत.

पण तिचे लोक यायचे. मला हे कोडं सुटेना. मग एकदा दार अर्धं उघडं होतं तेव्हा मी ऐकलं. एका म्हाताऱ्याला ती सांगत होती, "बाबाजी, पावसाळ्यात सात्या वेचाले जाता ना तुमी?" सात्या म्हणजे आमच्या जंगलात वारुळापाशी उगवणारे रानातले मशरूम. म्हातारा म्हणाला, "जातो त." "मंग सांगा, ज्या जागी अवंदा निघाल्या, पुढच्या साली कुठी पाहाचं?" म्हातारा हसला. "थ्याच जागी. जागा का सोडते थे?" "तसंच हे. मी वरून वेचलं. पण जागा मले पाहाच लागन. धान कापून झालं का येजो." बस, एवढंच. ती महिन्यांत बोलतच नसे. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, झाल्यावर ये, धान कापल्यावर ये, कापूस वेचून झाला की ये. आणि दोन दिवस आधीपासून जवसाची चटणी बंद, भेदरं म्हणजे टमाटे बंद, कारण बिया दुर्बिणीच्या तोंडाशी अडकतात. लोक बरोब्बर यायचे. मी लहानपणी ताईचा हात धरून सात्या वेचल्या आहेत, कुठल्या वारुळापाशी कधी बघायचं ते मला पाठ होतं. तीस वर्षं मी पेशंटला 'फॉलोअप' म्हणत राहिलो. हे वाक्य मला का सुचलं नाही, या विचारानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एकदा तिच्या हातून आतड्याला छिद्र पडलं. खोटं कशाला बोलू, तो माझ्या सुखाचा दिवस होता. ती स्वतः थिएटरच्या दारात आली. "सर, छिद्र पडलं. माझ्या हातून. क्लिप लावून पाह्यली, बंद होत नाई. या." मग बाहेर गेली आणि पेशंटच्या दोघा भावांना, आलापल्लीकडचे होते ते, अगदी तसंच सांगितलं. "माझ्या हातून झालं. आता सर पोट उघडून शिवतील, त्यांचा हात पक्का आहे." मी त्या दिवशी घातले तसे टाके जन्मात घातले नसतील. पेशंट वाचला, दहाव्या दिवशी घरी निघाला. मी वाट बघत होतो, आता दुर्बीणबाईचं नाव बुडालं. निघताना भाऊ माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "साहेब, बाई कुठी भेटन? फेरतपासणीची तारीख घ्याची आहे." मी बोटानं दार दाखवलं.

आता ताईचं सांगतो. माझी ताई मूल तालुक्यातल्या एका गावात राहते. बाबा लवकर गेले. ताईनं लोकांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, वाकून रोवणे केले आणि मला शिकवलं. एरवी मी कोणाचं ऐकत नाही, तिचं ऐकतो. गेल्या वर्षी, मे महिन्यात, दुर्बीण विभागासमोरून जाताना बाकावर ती बसलेली दिसली. मांडीवर पिशवी, हातात केसपेपर.

"ताई, तू इथी?" माझी घासलेली जीभ तिच्यासमोर चालत नाही.

तिनं पदर सावरला. "दिवाळीपासून रक्त जाऊन राह्यलं, बाबू. मले वाटलं मूळव्याध असन. गावच्या दवाखान्याची आशाताई म्हणे, दुर्बीणबाईले दाखव."

"अन् मले काऊन नाई सांगतलं?"

"भावाले दाखवाची जागा हाय का थे?"

 गावात लोक जिच्याकडं बोट दाखवून म्हणतात, 'हिचा भाऊ मोठा सर्जन', ती माझ्याच हॉस्पिटलात, माझ्या नाकासमोर, दुसरीच्या नावाचा केसपेपर काढून बसली होती. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्यामुळं मला जास्त लागलं.

तपासणीत निघालं ते वाईट होतं. गुदाशयात, अगदी खाली, पसरट मोठा कोंब. मी दुर्बीणबाईच्या खोलीत गेलो. म्हटलं, हे दुर्बिणीचं काम नाही, मी कापून काढतो. इतक्या खाली कापायचं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आतड्याचं तोंड पोटावर आणून पिशवी लावावी लागली असती. काही महिने, कदाचित कायमची. ती म्हणाली, "सर, उचलून त पाहू. नाई उठलं त मी हात लावत नाई." मी म्हटलं, काही राहिलं तर? "राहू शकते," ती म्हणाली. "म्हणून परत पाहू." मी वाद घातला, आवाज चढवला. शेवटी ताईलाच विचारलं. ताई म्हणाली, "पोटाले पिशवी लावून मी बांधीत कशी वाकू? बाईले करू दे. आन् तू बाहेर बस."

बसलो. नातेवाईकांच्या बाकावर, ताईच्या चपला पायाशी, तिची पिशवी मांडीवर. शेजारी एक बाई डब्यातून भाकर खात होती, तिनं मला चतकोर देऊ केली. मी या इमारतीत आयुष्य काढलं, पण त्या बाकावर कधी बसलो नव्हतो. दार बंद, आत काय चाललंय कळत नाही, आणि आत जिच्या हातात माझी बहीण आहे ती बाई घाई करत नाही. तीन तास. बाहेर येऊन ती म्हणाली, "उठलं, सर. पूर्ण उठलं. नऊ तुकडे निघाले." आठवड्यानं रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता. ताईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. माझ्यासाठी तिनं असं कधी केल्याचं मला आठवेना. केलंही असेल लहानपणी.

धान कापून झाल्यावर ताई बरोबर आली. या वेळी दुर्बीणबाईनं मला आत बोलावलं. ताई नको नको म्हणत होती, तिला बाईनं समजावलं. चादर पूर्ण पांघरलेली, आणि मी बाईच्या खांद्यामागं उभा. गुंगी चढेपर्यंत ताई बजावत होती, "बाबू, पडदा पाहाचा. मले पाहाचं नाई." मी पडदा पाहिला. जुन्या जागी पांढुरका वण होता, आणि वणाच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा, एक उंचवटा.

राहिलं होतं. आणि तो दाणा दिसताच मला आनंद झाला. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या आतड्यात तो रोग परत उगवत होता, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती म्हणजे, सापडली एकदाची. मी बोटसुद्धा वर केलं, "ते बघा, तिथं."

"दिसलं," ती म्हणाली. "माझ्याकडून राह्यलं होतं." फास टाकून तिनं तो दाणा काढला, कडा जाळून घेतल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत.

नंतर हात धुताना ती म्हणाली, "सर, तुमी हसले. पडद्याच्या काचेत दिसलं मले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं नळ बंद केला. "राहू द्या. माझ्याआधी तुमाले दिसलं, समजलं का? माझा जीव आपल्या कामावर बसलेला राह्यते, मले सारं साफच दिसते. माझी चूक सापडली का ज्याले बरं वाटते, असा माणूस मले मांगं पाहिजे. पुढच्या बुधवारी चार फेरतपासण्या आहेत. येजा."

तिनं ते चिडून म्हटलं नव्हतं, टोमणाही नव्हता. तिला खरोखरच माणूस हवा होता. मी जाणार नव्हतो, पण गेलो. मग दर बुधवारी जायला लागलो. ती वण दाखवायची, मी शोधायचो. इतका शोधायचो की नर्सा कंटाळायच्या. कधी सापडायचं, बहुतेक वेळा नाही. सापडलं की ती तिथल्या तिथं काढायची. न सापडल्याच्या दिवशी मी चिडचिडा व्हायचो, मग ती मला स्वतःच्या डब्यातली जवसाची चटणी वाढायची. त्या नऊ-दहा महिन्यांत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी दुर्बीण धरायला शिकलो. तिच्याकडून. "काढाचं नाई त नका काढू, पाहाले त शिका," म्हणाली. मोठे कोंब काढणं मला आजही जमत नाही. हात शिवणाऱ्याचा आहे, थांबत नाही.

यंदा पोळ्यानंतर ती हैदराबादला गेली. तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलनं बोलावलं होतं, जायलाच हवं होतं. निरोपाला मी भाषण केलं, त्यात तिच्याबद्दल चार औपचारिक वाक्यं बोललो आणि बसलो.  ताईची वर्षाची फेरतपासणी उरली होती. जाण्याआधी दुर्बीणबाईनं तिला फोन करून सांगितलं होतं, "आता तुमचा भाऊच पाहीन. लाजू नका, त्याच्यावाणी कोणी पाहत नाई."

गेल्या आठवड्यात ताई आली. बाकावर बसली, केसपेपर काढला, या वेळी माझ्या नावाचा. मी पंचवीस मिनिटं बघितलं. पांढुरका वण, कडा सगळ्या बाजूंनी सपाट. उजेड बदलून बघितलं, पाणी मारून बघितलं, एकदा बाहेर येऊन परत आत गेलो. काही नव्हतं. कुठंही काही नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि पडदा दिसेनासा झाला तेव्हा मी दुर्बीण बाहेर काढली.

ताई शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "बाईले सांग." मी तिच्यासमोरच फोन लावला. तिकडं कोणीतरी उचलून तिच्या कानाशी धरला असावा, मागं यंत्राची टुकटुक ऐकू येत होती.

"बोला सर. काय दिसलं?"

"काहीच नाही."

"नीट पाह्यलं?"

"पंचवीस मिनिटं."

 "मंग नाईच असन," म्हणाली. आणि लगेच, तिथल्या कोणाला तरी, हिंदीत, "आप इधर आइए. मेरे पीछे खड़े रहिए. देखिए, कुछ छूटा क्या?"

फोन बंद झाला. ताई चहा मागत होती. दुर्बीणबाईच्या खांद्यामागं तिकडं आता कोण उभं असतं, मला माहीत नाही. चांगलं बघतं की नुसतं उभं राहतं, तेही माहीत नाही. पण मला त्याचा फार हेवा वाटतो.